आरोग्याचा समाजशास्त्रज्ञ दिवसभर करतो तरी काय?

प्रश्न असा आहे: "मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. आरोग्याचं समाजशास्त्र हा पेपर घेतलाय आणि प्रबंधिकेसाठी सरकारी रुग्णालयात काम करायचा विचार आहे. घरचे म्हणतात, तिथे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, सोशल वर्कर आहेत, मग तू काय करणार? मलाही नीट सांगता येत नाही. फॉर्म भरून घेण्यापलीकडे या कामात काही असतं का? पुढे नोकरी मिळते का?"

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. माझ्या सासूबाई बावीस वर्षं तोच विचारत आल्यात. पाहुण्यांना ओळख करून देताना 'ही दवाखान्यात असते' एवढं सांगून त्या विषय मिटवतात. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, घरी वाचून दाखवता येईल असं.

आधी एक गोंधळ दूर करू. मोठ्या सरकारी रुग्णालयात 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' असं पद असतं. योजनेची कागदपत्रं जुळवून देणं, ट्रस्टकडून पैसे मिळवून देणं, बेवारस पेशंटचे नातेवाईक शोधणं ही त्यांची कामं. समोरच्या पेशंटला त्यांचा आजच्या आज उपयोग होतो. आपला होत नाही. हे पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं की पुढची घुसमट कमी होते. आपण तिथे असतो ते वेगळंच काहीतरी समजून घ्यायला: हा माणूस आजच का आला, तीन महिन्यांपूर्वी का नाही आला, आणि दोन महिन्यांनी येणं बंद का करणार आहे.

माझं पहिलं काम क्षयरोगाचं होतं, २००४-०५ सालचं. औषध मधेच सोडणाऱ्यांचा अभ्यास. त्या काळी डॉट्समध्ये, म्हणजे क्षयरोगावरच्या देखरेखीखालच्या सरकारी उपचारात, दिवसाआड गोळ्या मिळत, एका वेळी सात, आणि सुरुवातीचे महिने त्या केंद्रावर येऊन कर्मचाऱ्यासमोर गिळाव्या लागत. सलग दोन महिने फिरकला नाही तो 'डिफॉल्टर'. कर्ज बुडवणाऱ्याला आणि क्षयरोग्याला शब्द एकच, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता 'औषध का सोडले?' आणि खाली पाच चौकोन.

सेंट्रिंगचं काम करणारा एक चाळिशीचा माणूस होता. म्हणाला, "बरं वाटलं म्हणून सोडलं." मी चौकोनात खूण केली. तिसऱ्या भेटीला त्याच्या खोलीवर गेले तेव्हा फॉर्म पिशवीतच ठेवला. बायको भाकरी थापत होती, मी उंबऱ्याशी बसले. गप्पांत एकेक निघत गेलं. मजूर अड्ड्यावर सकाळी सातला उभं राहावं लागतं, साडेआठला अड्डा रिकामा होतो. केंद्र उघडायचं नऊला. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस एकतर गोळी, नाहीतर हजेरी. वर उपाशीपोटी सात गोळ्या पोटात गेल्या की मळमळ, आणि त्या मळमळीत स्लॅबच्या कडेला उभं राहायचं. तिसरी गोष्ट त्याने सांगितलीच नाही, ती बायकोने सांगितली, तो पाणी आणायला उठला तेव्हा. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची. रिफॅम्पिसिनने ती होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चाळीच्या सामाईक संडासात कुणाच्या तरी नजरेस पडलं आणि कुजबुज सुरू झाली. मग खोकला थांबला, अंगावर थोडं मांस चढलं, आणि त्याने सगळा हिशेब मांडून गोळ्या बंद केल्या. 'बरं वाटलं' ही त्या हिशेबाची शेवटची ओळ होती. आमच्या फॉर्मवर तेवढीच उतरली, आणि अहवालात ती मोजली गेली 'अज्ञान' या मथळ्याखाली.

तो हिशेब पुरा मांडून दाखवणं, हे आपलं काम. 'पेशंट ऐकत का नाही' असा प्रश्न घेऊन डॉक्टर आपल्याकडे येतात. आपण तो उलटा करून परत देतो: ऐकायचं ठरवलं तर याला काय काय मोडावं लागेल?

हे काही माझं शहाणपण नाही. आपल्याकडे या कामाची जुनी पायवाट आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत डॉ. देबाबर बॅनर्जी होते. शिकले डॉक्टरकी, मग अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन मानववंशशास्त्राचं शिक्षण घेऊन आले. त्यांनी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये केलेला अभ्यास १९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. तोवरचा समज असा होता की खेड्यातल्या माणसाला आपल्याला काय झालंय हे कळत नाही, म्हणून एक्स-रेच्या गाड्या गावोगाव फिरवून रोगी हुडकून काढले पाहिजेत. या दोघांनी सर्वेक्षणात सापडलेल्या रोग्यांच्या घरी जाऊन विचारलं. बहुतेकांना लक्षणं ठाऊक होती. अनेकांना त्यांची काळजी लागली होती. आणि निम्म्याच्या आसपास लोक दवाखान्यात जाऊनही आले होते! तिथे त्यांना मिळाली होती खोकल्याच्या औषधाची बाटली.

म्हणजे पेशंट दवाखान्यापर्यंत पोचला होता, दवाखाना पेशंटपर्यंत पोचला नव्हता. मग गाड्या फिरवण्यापेक्षा जो खोकत स्वतःहून दारात आलाय त्याची थुंकी तिथेच तपासा, हा विचार पुढे आला आणि अभ्यास छापून यायच्या आधीच, १९६२ पासूनच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा तो पाया ठरला. घरी कुणी विचारलं की समाजशास्त्राने आरोग्यात काय फरक पडतो, तर मी तुमकूर सांगते.

आणि दोष नेहमी पेशंटच्याच पदरात का, याचं दुसरं उदाहरण मुंबईचं. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड या संशोधकांनी झोपडपट्ट्यांत दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना क्षयरोगाचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं. शंभर डॉक्टरांनी ८० वेगवेगळे उपचार लिहिले. हे १९९१ मध्ये छापून आलं. 'डिफॉल्टर' कुणाला म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

आता भाषेकडे येते. या कामातला मला सगळ्यात आवडणारा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे.

आपल्याकडे बाया म्हणतात, "दुखणं अंगावर काढलं." इंग्रजी अहवालात याचं भाषांतर होतं 'उपचार घेण्यात विलंब'. काय हरवलं बघा. विलंब म्हणजे उशीर, म्हणजे चूक, आळस. अंगावर काढणं हा निर्णय असतो. त्यात दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, घरी मागे कोण राहणार, सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टर भेटेल का, या सगळ्याची बेरीज केलेली असते. आणि त्यात एक कर्तेपणही असतं. 'मी काढलं' असं म्हणताना बाईच्या आवाजात कुरकुर असते तशी थोडी शेखीही असते. हे ध्वनिमुद्रणात ऐकू येतं, टाइप केलेल्या कागदावर अर्धं उरतं, इंग्रजीत गेलं की संपतं. म्हणून माझा हट्ट असतो की मुलाखतीचं कोडिंग, म्हणजे बोलण्यातले मुद्दे खुणा करून वेगळे काढणं, मूळ मराठीवरच करायचं. परदेशी निधी देणाऱ्यांना भाषांतर हवं असतं. द्यावं, पण नंतर.

हे अंगावर काढणं किती खोल असतं याचा आकडा गडचिरोलीतून आला. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. काम डॉक्टरांचं आहे, आपल्या लोकांचं नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पण बायांच्या भाषेत विचारल्याशिवाय असला आकडा हाती लागत नाही. तुम्ही "काही त्रास आहे का?" विचाराल तर उत्तर "नाही." "कंबर दुखते का?" विचाराल तर अर्धा तास बोलतील. "अंगावरून जातं का?" हा प्रश्न मात्र तिसऱ्या भेटीचा आणि एकटीचा. सासू शेजारी लसूण सोलत बसलेली असताना तो विचारायचा नसतो. हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकले.

असेच आणखी शब्द कानावर पडतील. 'त्या डॉक्टरचा गुण येतो.' 'वरची चिठ्ठी दिली.' 'नुसत्या गोळ्या दिल्या, सुई पण नाही मारली.' वहीत जसेच्या तसे उतरवा. 'गुण येणं' म्हणजे औषध लागू पडणं नव्हे, त्यात डॉक्टरचा हात, त्याचं बोलणं, तो उधारी ठेवतो की नाही, सगळं येतं.

आता बीडचं सांगते, कारण तुमच्या पेपरात ते यायलाच हवं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळपास सतरा. त्याच्या तीन-चार वर्षं आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्या एकाच मापाच्या नाहीत, तेव्हा भागाकार करून 'इतके पट' असं लिहायच्या भानगडीत पडू नका. फरक त्याशिवायही दिसतो.

वर्तमानपत्रांनी दोन उत्तरं दिली: लोभी डॉक्टर आणि निर्दयी मुकादम. दोन्हींत तथ्य आहे. पण बाईला विचारलं तर ती यांच्यापासून सुरुवात करत नाही. ती उचलीपासून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांपासून सुरू करते.

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती घरात खर्चलेली असते, लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकीने अंग टाकलं की कोयता मोडला. गैरहजेरीला 'खाडा', म्हणजे दंड लागतो. २०१९ च्या बातम्यांत दिवसाला ५०० रुपये हा आकडा होता. राहायचं फडाजवळच्या कोपीत, संडास नाही, पाणी लांब. पहाटे उठून फडात, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. पाळी आली तरी हेच. लग्न पंधरा-सोळाव्या वर्षी, विशीच्या आगेमागे दोन-तीन मुलं आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं. शेवटी गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात सोनोग्राफी होते, गाठ आहे म्हणतात, पुढे कॅन्सर होईल म्हणतात. आणि मग बाई म्हणते, "पिशवी काढून टाकली." तिच्या लेखी पिशवीचं काम झालेलं असतं, आता ती फक्त खाडा पाडते. पिशवीच्या ऑपरेशनचा खर्च कर्जातून, म्हणजे पुढच्या उचलीतून, म्हणजे पुढच्या हंगामालाही जाणं भाग.

इथे थोडं पुस्तक उघडू. टॅलकट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये 'आजाऱ्याची भूमिका' मांडली. तुमच्या अभ्यासक्रमात ती असणारच. माणूस आजारी पडला की समाज त्याला नेहमीच्या कामातून सूट देतो आणि आजाराबद्दल दोष देत नाही; बदल्यात त्याने बरं व्हायची इच्छा ठेवायची आणि डॉक्टरकडे जायचं. परीक्षेत याच्यावर टीका लिहा म्हणतात आणि मुलं 'जुनाट आजारांना लागू होत नाही' हे ठरलेलं वाक्य लिहितात. मला वाटतं, पार्सन्सला तपासायला खाड्याइतकं चांगलं साधन नाही. सूट नाहीच, उलट दंड आहे. आजारी असण्याचा हक्कच जिला नाही तिने आजाराचं मूळच कापून टाकलं, आणि तेही रीतसर डॉक्टरकडे जाऊन. पार्सन्सची चौथी अट तेवढी तिने पाळली.

प्रकरण गाजल्यावर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. नियम चांगलाच आहे. पण तो शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी सुरू होतो, आणि बाईची गोष्ट उचलीपाशी. या दोन टोकांमधलं अंतर कुणीतरी मोजून लिहायला लागतं. त्याला समाजशास्त्रज्ञ लागतो की हुशार पत्रकार पुरतो, यावर माझे आणि माझ्या एका पत्रकार मैत्रिणीचे बरेच वाद झालेत. तिचं म्हणणं, बीड उघडकीला आणलं ते बातमीनेच. खरं आहे ते.

आता एक अडचणीची गोष्ट. रॉबर्ट स्ट्राउस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच ओळखलं होतं की या क्षेत्रात दोन जातीची माणसं असतात. काही वैद्यकाच्या आत राहून त्याच्या उपयोगी पडतात: लस का घेत नाहीत, गोळ्या का सोडतात, हे शोधून देतात. काही बाहेर उभं राहून वैद्यकाकडेच बघतात: वॉर्डात कुणाशी कसं बोललं जातं, पदक्रम कसा चालतो, औषध कंपनीच्या माणसाला आत सोडतात आणि नातेवाइकाला का थांबवतात. दोन्ही एकदम करणं अवघड, असं त्यांचं म्हणणं. मी ते एकदा करून पाहिलं. एका रुग्णालयाने प्रसूती कक्षातल्या 'बायांच्या सहकार्याचा अभाव' या विषयावर अभ्यास करायला बोलावलं. चार महिने तिथे बसल्यावर माझ्या वहीत बायांच्या असहकारापेक्षा त्यांच्यावर ओरडण्याच्या नोंदी कितीतरी जास्त झाल्या. त्याच वहीत हेही होतं की एकेका सिस्टरकडे एका पाळीत किती बाया होत्या आणि तिने जेवणाचा डबा कितीला उघडला. मी दोन्ही लिहिलं. अहवाल 'अवलोकनार्थ' गेला तो गेलाच. त्या कक्षात मला पुन्हा प्रवेश मिळाला नाही, आणि सगळ्यात जास्त राग आला तो सिस्टरना, ज्यांची बाजू मी मांडली होती असं मला वाटत होतं. तेव्हापासून कच्चा मसुदा आधी वॉर्डातल्या लोकांना वाचून दाखवते. त्याने सगळं सुटत नाही, पण पाठीमागे लिहिलं अशी भावना राहत नाही.

नोकरीचं थोडक्यात. कायम पदं फार थोडी. बहुतेक काम प्रकल्पावर, अकरा महिन्यांच्या करारावर. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, आरोग्यावर संशोधन करणारी 'सेहत' ही संस्था. पुण्यात आरोग्य हक्कांवर काम करणारी 'साथी' ही संस्था, भोसरीची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एड्स संशोधन संस्था. वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विभागांतले प्रकल्प. एक दार फार कुणाला ठाऊक नसतं: संशोधनाच्या नीतिशास्त्र समित्यांमध्ये समाजविज्ञानाची जाण असलेला सदस्य बसवतात. पैसे नाममात्र, पण शिकायला भरपूर. मी अशा समितीत संमतीपत्रं वाचते. एकदा बारा पानी संमतीपत्राची चाचणी आम्ही एका आजींवर घेतली. पहिलं पान संपायच्या आत त्यांनी विचारलं, "सही कुठं करू ते सांग, बाळा." पत्र मंजुरीसाठी आलं होतं तेव्हा त्यात भाषेची एकही चूक नव्हती.

फॉर्मबद्दल तुम्ही विचारलंत. फॉर्म भरावे लागतात, आणि ते कमी प्रतीचं काम नाही. आकड्यांशिवाय बीड ही नुसती हळहळ राहिली असती. माझी तक्रार फॉर्मबद्दल नाही, पाच चौकोनांबद्दल आहे. ते कुणी, कुठे बसून ठरवले? सहसा मुंबई-दिल्लीच्या एखाद्या वातानुकूलित खोलीत, आणि तेही इंग्रजीत. आधी महिनाभर ऐकून मग चौकोन आखले, तर निदान एकावर 'अड्डा चुकतो' असं लिहिलेलं असेल.

तुमच्या प्रबंधिकेसाठी आता करायचं ते एवढंच. पहिले आठ दिवस कुणालाही काही विचारू नका. ओपीडीत केसपेपरच्या खिडकीपाशी बसा, आठच्या आधी पोचा. रांगेत कोण कुणासाठी उभं आहे, कोण किती वेळा खिडकीवरून परत फिरतं, शिपाईमामा कुणाला पुढे घेतात, एवढंच वहीत टिपा. पेशंटची नावं लिहू नका, खुणेचे आकडे ठेवा, आणि वही घरी सगळ्यांच्या हाताला लागेल अशी टाकू नका. दुसऱ्या आठवड्यात सिस्टर इन्चार्जना जाऊन भेटा, अधीक्षकांच्या नंतर नाही, त्याच दिवशी; नाहीतर तुम्ही वरून पाठवलेली हेर ठरता. आणि परवानगीचं पत्र देताना दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या, ती पिशवीत कायम ठेवा. महिन्याभराने साहेब बदलतात आणि नव्या साहेबांच्या टेबलावर तुमचं पत्र कधीच आलेलं नसतं.